व्हिडिओचे दर्शनी चित्र : मालाचा नवा छाप

कापडाच्या व्यापारात ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्यांना 'छाप' या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या गिरण्यांचे कापड हिंदुस्थानच्या बाजारात येई, तेव्हा ताग्यावर एक रंगीत चित्र चिकटवलेले असे. कुठे हत्ती, कुठे वाघ, कुठे राजा, कुठे नुसते फूल. पुढे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनीही हीच रीत उचलली. गिऱ्हाइकाला इंग्रजी वाचता येत नव्हते, पुष्कळांना स्वतःची लिपीही वाचता येत नव्हती. पण मागच्या खेपेचे कापड टिकले असेल तर तो दुकानात येऊन तेच चित्र मागत असे. चित्र बदलले की त्याच्या मनात शंका येई. या छापांची नक्कल इतकी होऊ लागली की १८८९ साली सरकारला मालावरील खोट्या खुणांविरुद्ध कायदा करावा लागला.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, आपल्या कारागिरांचा आणि दुकानदारांचा माल आता गिऱ्हाइकाच्या हाती पडण्यापूर्वी मोबाइलच्या पडद्यावर दिसतो. मिरजेचा सतारमेकर, औरंगाबादचा (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हिमरू विणणारा, मोहम्मद अली रोडचा अत्तरवाला, भिवंडीचा यंत्रमागवाला, शिवणकाम शिकवणारी भगिनी, यांपैकी कोणीही आज आपल्या कामाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकू शकतो, आणि टाकणारे वाढत आहेत. व्हिडिओ उघडण्याआधी जे लहानसे चित्र दिसते त्याला थंबनेल म्हणतात, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढे चित्र. आम्ही या लेखात त्याला दर्शनी चित्र म्हणू. मालाचा आजचा छाप तो हाच, असे आमचे मत आहे, आणि जुन्या छापाला जे दोन नियम लागू होते तेच यालाही लागू आहेत. तो लांबून ओळखता आला पाहिजे आणि आतल्या मालाशी तो खरा असला पाहिजे.

या लेखाच्या निमित्ताने आम्ही कारागिरांच्या बऱ्याच वाहिन्या चाळल्या. जे दिसले ते सांगतो. व्हिडिओसाठी चार दिवस घालवलेले असतात, दर्शनी चित्रासाठी चार मिनिटेही नाहीत. एका व्हिडिओवर पिवळी अक्षरे, दुसऱ्यावर लाल, तिसऱ्यावर काहीच नाही, चौथ्यावर मागाऐवजी छताचा पंखा. माल उत्तम, हात सफाईदार, पण दहा व्हिडिओ एकाच माणसाचे आहेत हे कळायला नाव वाचावे लागते. आणि नाव वाचण्याइतका कोणी थांबत नाही.

थोडा हिशेब

व्यापारी माणसाला आधी हिशेब दाखवावा. यूट्यूब आपल्या व्हिडिओचे दर्शनी चित्र लोकांपुढे किती वेळा आले आणि त्यांतून किती जणांनी ते उघडले, याची नोंद ठेवते व ती वाहिनीच्या मालकाला दाखवते. कंपनीचे स्वतःचे सांगणे असे की, निम्म्या वाहिन्यांचे हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते. म्हणजे चित्र १०,००० वेळा दाखवले गेले तर २ टक्क्यांनी २०० माणसे आत येतात आणि ५ टक्क्यांनी ५००. व्हिडिओ तोच, मेहनत तीच, माल तोच. फरक ३०० माणसांचा. रस्त्यावरून जाणारे किती आणि पायरी चढणारे किती, हा हिशेब आपल्याकडील प्रत्येक दुकानदार मनातल्या मनात करीतच असतो. येथे तो लिहून मिळतो एवढेच. मात्र एक लक्षात ठेवावे. व्हिडिओ ओळखीच्या वर्तुळाबाहेर अनोळखी लोकांना दाखवला जाऊ लागला की हे प्रमाण खाली येते. तेव्हा घाबरून रोज चित्र बदलीत बसू नये.

पण पायरी चढलेला माणूस आत किती वेळ थांबला, हा हिशेब त्याहून मोठा. यूट्यूब २००५ साली सुरू झाले तेव्हा मालकाला स्वतःचे चित्र लावण्याची सोयच नव्हती. व्हिडिओच्या पाव, अर्ध्या आणि पाऊण भागावरची तीन दृश्ये यंत्र आपोआप उचलीत असे. लबाड लोकांनी लगेच वाट काढली आणि व्हिडिओच्या बरोबर मध्यावर एक क्षणभर भलतेच आकर्षक चित्र घुसडायला सुरुवात केली. लोक त्या चित्राला भुलून येत आणि फसून जात. पुढे स्वतःचे चित्र लावण्याची मुभा मिळाली, तशी फसवणुकीलाही. २०१२ साली कंपनीने धोरण बदलले : व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला, यावर तो इतरांना सुचवायचा की नाही हे ठरू लागले. तेव्हापासून खोटे दर्शनी चित्र हा तोट्याचा सौदा झाला आहे. माणूस आत येतो, दहा सेकंदांत निघून जातो, आणि त्याचे ते निघून जाणे आपल्या खात्यावर लिहिले जाते.

नखाएवढ्या जागेत काय मावते

मापे सांगून टाकतो. चित्र १२८० बाय ७२० ठिपक्यांचे करावे, रुंदी व उंचीचे प्रमाण १६ ला ९. रुंदी ६४० ठिपक्यांपेक्षा कमी असू नये. स्वतःचे चित्र लावण्यासाठी आधी मोबाइल क्रमांकाची पडताळणी करावी लागते, ती एकदाच. खालच्या उजव्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी छापते, म्हणून त्या कोपऱ्यात किंमत, फोन नंबर वा दुकानाचे नाव लिहिलेत तर ते झाकले जाणार. ही चूक आम्हाला इतक्या ठिकाणी दिसली की येथे वेगळी सांगावीशी वाटली. चारही कोपरे आता गोलसर कापून दाखवले जातात, तेव्हा अगदी कडेला काहीच ठेवू नये. कडेची पट्टी काढायची तर ती जाड काढावी.

चित्र तयार करताना ते संगणकाच्या मोठ्या पडद्यावर असते आणि सुंदर दिसते. तिथेच सारा घोळ होतो. गिऱ्हाईक ते पाहतो बसमध्ये उभा राहून, उन्हात, मोबाइलची काच तडकलेली, आणि यादीतले चित्र दोन बोटांएवढे. म्हणून चित्र झाले की ते मोबाइलवर घ्यावे, लहान करावे, हात लांब करून पाहावे आणि घरातल्या कोणाला तरी विचारावे की हे काय आहे. उत्तर लगेच आले तर ठीक. 'काहीतरी कापड दिसतंय' असे उत्तर आले तर पुन्हा बसावे.

एका चित्रात एकच वस्तू, हा नियम बहुतेकांना पटत नाही. दुकानात चारशे प्रकार आहेत, मग एकच का दाखवायचा? कारण या जागेत चारशे प्रकार म्हणजे नुसता रंगांचा चिखल होतो. हिमरूचेच उदाहरण घेऊ. या कापडात सुताच्या ताण्यावर रेशमी बाण्याने नक्षी भरतात, आणि नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला मोकळे राहून एक थरच तयार होतो. हातमागावरची शाल आणि यंत्रावर छापलेली नक्कल यांतला फरक मागची बाजू पाहताच कळतो. असे असताना दर्शनी चित्रात शालींची चळत दाखवण्यापेक्षा एकच शाल घ्यावी, तिचा एक पदर उलटा दुमडावा, अर्ध्या चित्रात पुढची नक्षी आणि अर्ध्यात मागचे मोकळे धागे. जाणकार एका नजरेत थांबेल. न जाणणाऱ्याला कुतूहल वाटेल की हे उलटे का दाखवले आहे.

मिरजेचे काम तर अशा चित्रांसाठी खाणच आहे. तेथील सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणारा ओबडधोबड वाळका भोपळा एकीकडे आणि त्याच भोपळ्यापासून झालेला पॉलिश केलेला तंबोरा दुसरीकडे, एवढे दोनच पदार्थ चित्रात असले तर शब्दांची गरज जवळजवळ उरत नाही. जवारी लावण्याच्या व्हिडिओसाठी घोडीवरून जाणारी तार आणि तिच्याखालचा तो बारीक दोरा, अगदी जवळून. ज्याचा तंबोरा घरी बोलेनासा झाला आहे तो माणूस हे चित्र सोडून पुढे जाणार नाही, कारण त्याचे दुखणे नेमके तिथेच आहे.

अत्तरवाल्यांचे काम अवघड आहे. वास चित्रात येत नाही, आणि कुप्या सगळ्यांच्या सारख्याच. पण ज्यापासून अत्तर निघते ते दाखवता येते : गुलाबाच्या पाकळ्या, वाळ्याची मुळे, कनौजच्या मिट्टी अत्तरासाठी भाजलेली माती, तांब्याची डेग आणि भपका. कुपी लहान ठेवून द्रव्य मोठे दाखवावे.

आता चेहऱ्याविषयी. या विषयावर इंग्रजीत जे सल्ले मिळतात त्यांत पहिला हा की, चित्रात माणसाचा चेहरा असावा, डोळे विस्फारलेले, तोंड उघडे. आमच्या पुष्कळ वाचकांना स्वतःचा वा घरातील स्त्रियांचा चेहरा व्यापारासाठी झळकवणे आवडत नाही, आणि त्यामुळे आपण मागे पडू असे त्यांना वाटते. ही भीती आम्हाला अनाठायी वाटते. कारागिराच्या मालावर गिऱ्हाइकाला विश्वास बसतो तो हात पाहून. पटाशी धरलेला हात, सुईत दोरा ओवणारी बोटे, पिठात माखलेले मनगट. हातांनी काम सांगता येते आणि माणूसही. शिवाय उघड्या तोंडांचा जमाना स्वतः त्याचे पुढारीच मोडीत काढीत आहेत. अमेरिकेतील मिस्टर बीस्ट या वाहिनीने २०२४ साली आपल्या टी-सीरीजला मागे टाकून सर्वाधिक सदस्यांचा मान मिळवला. तिच्या चालकाने दोन्ही प्रकार तपासून सांगितले की, तोंड मिटलेले चेहरे लावल्यावर लोक व्हिडिओ अधिक वेळ पाहू लागले.

उजेड मात्र दिवसाचा घ्यावा. सकाळी खिडकीजवळ, वस्तूच्या एका बाजूने. ट्यूबलाइटखाली काढलेल्या जरीचा रंग कोणालाही खरा सांगता येत नाही.

अक्षरांची गोष्ट

शब्द तीन किंवा चार, त्याहून जास्त नाहीत. शीर्षक चित्राच्या खाली किंवा शेजारी छापलेलेच असते. तेच पुन्हा चित्रावर लिहिण्यात जागा फुकट जाते. शीर्षकात 'हातमागावरील हिमरू शाल कशी ओळखावी' असे असेल, तर चित्रावर 'उलटून पाहा' एवढेच पुरे.

देवनागरीचा मामला इंग्रजीपेक्षा वेगळा आहे, आणि इंग्रजी पाहून काम करणारी मुले येथे हमखास अडखळतात. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, मात्रा आणि खाली उकार असतो. म्हणजे एका ओळीला इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते. दोन ओळी घट्ट बसवल्या की वरच्याचा उकार खालच्याच्या वेलांटीत अडकतो. इंग्रजीत अक्षरे एकमेकांपासून सोडवून लिहिली की ऐटबाज दिसतात. मराठीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अक्षराभोवती जाड काळी कड देण्याची खोड आहे, तिने 'घ', 'ध', 'क्ष' यांच्या पोटातली जागा भरून निघते व लहान आकारात सगळे काळे ठिपके दिसतात. कडेऐवजी अक्षरामागे सपाट रंगाची पट्टी द्यावी. संगणकावरील काही इंग्रजी सॉफ्टवेअरमध्ये भारतीय भाषांची मांडणी वेगळी चालू करावी लागते. ती केली नाही तर वेलांटी अक्षराच्या पुढे उडी मारते आणि जोडाक्षरे फुटतात. दुकानाच्या पाटीवर अशी चूक कोणी खपवून घेणार नाही, मग येथे का?

जाड आणि मोकळी वळणे मोफत मिळतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेली मुक्ता आणि बलू ही दोन वळणे कोणालाही विनामूल्य वापरता येतात आणि लहान आकारात वाचता येतात. मराठी 'ल' आणि 'श' हिंदीपेक्षा वेगळे काढण्याची आपली परंपरा आहे. वळण निवडताना तेही पाहावे; मराठी गिऱ्हाइकाच्या डोळ्याला ते आपलेसे वाटते.

उर्दू लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नस्तालीक तिरके उतरते. लांब शब्दाला बरीच उंची लागते आणि लहान चित्रात नुक्ते दिसेनासे होतात. उर्दूत एकच शब्द मोठा लिहावा, अथवा उर्दू व्हिडिओच्या शीर्षकातच ठेवावे. एका चित्रात मराठी, उर्दू आणि इंग्रजी तिन्ही कोंबण्याचा मोह आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिला. गिऱ्हाईक तीन भाषांचा असतो हे खरे, पण त्याने एकही वाचली नाही तर उपयोग काय?

एकाच घरचे वाटले पाहिजे

हा भाग सर्वांत कमी पाळला जातो आणि आमच्या मते सर्वांत मोलाचा आहे. पहिल्या व्हिडिओला गिऱ्हाईक योगायोगाने येतो. दुसऱ्याला तो ओळखून यावा लागतो. पडद्यावर एका वेळी पाच-सहा जणांची चित्रे रांगेत असतात. त्यांतून आपले चित्र नाव न वाचता ओळखू आले पाहिजे, जसे एसटीच्या गर्दीत गावची गाडी रंगावरून ओळखू येते.

त्यासाठी काही गोष्टी ठरवून टाकाव्यात आणि वर्षभर त्यांना हात लावू नये. दोन रंग, त्यापेक्षा जास्त नाहीत. एक वळण. दुकानाची खूण, नेहमी त्याच कोपऱ्यात, बहुधा वरच्या डाव्या. वस्तूमागची पार्श्वभूमी एकच : विणकराने मागाचे लाकूड घ्यावे, अत्तरवाल्याने तांब्याचे ताट, चपलवाल्याने कातड्याचा तुकडा. फोटो काढण्याचे अंतर आणि कोनही शक्यतो तोच. रंग निवडताना यूट्यूबच्या पांढऱ्या आणि काळ्या अशा दोन्ही पडद्यांवर ते उठून दिसतात का हे पाहावे. पांढऱ्यावर पांढरी आणि काळ्यावर काळी कड हरवून जाते. लाल रंग टाळलेला बरा. यूट्यूबची स्वतःची खूण लाल, पाहिलेल्या व्हिडिओखालची रेघ लालसर, आणि बाजारातला निम्मा गोंगाटही लालच.

पण एकसारखेपणाचाही अतिरेक होतो. एका मिठाईच्या वाहिनीवर आम्ही वीस चित्रे पाहिली, सर्व एकाच साच्यातली, तीच चौकट, तेच ताट, फक्त पदार्थाचे नाव बदललेले. अशी चित्रे सुबक दिसतात, पण पाहणाऱ्याला वाटते की हा व्हिडिओ आपण पाहिला आहे, आणि तो पुढे जातो. चौकट तीच ठेवून आतली वस्तू दर वेळी ठळकपणे वेगळी हवी. त्याला एक साधा तोडगा आहे. व्हिडिओंचे गट पाडावेत. सतारमेकराचे 'वाद्य कसे बनते' हे व्हिडिओ एका रंगाच्या पट्टीचे, 'दुरुस्ती' दुसऱ्या रंगाच्या, 'विकाऊ वाद्ये' तिसऱ्या. खूण, वळण आणि फोटोची रीत तिन्हींत एकच. गिऱ्हाइकाला घर कळते आणि घरातली खोलीही.

जुने व्हिडिओ टाकून देण्याचे कारण नाही. त्यांची दर्शनी चित्रे केव्हाही बदलता येतात. ज्यांच्याकडे रोज थोडेफार पाहणारे येतात अशा पाच-सहा जुन्या व्हिडिओंना आधी नवे कपडे चढवावेत, बाकीचे सवडीने. संगणकावर यूट्यूबच्या कार्यालयीन पानात एका व्हिडिओला तीन चित्रे लावून तुलना करण्याची सोयही अलीकडे आली आहे. कोणत्या चित्राने लोक अधिक वेळ थांबले यावरून ती निकाल देते. यासाठी खात्याला वरच्या दर्जाची सोय चालू असावी लागते. तुलना करायची तर चित्रे खरोखर वेगळी असावीत. नुसती पट्टी हिरव्याची निळी करून काही कळत नाही.

इन्स्टाग्रामवर तेच चित्र जसेच्या तसे चालणार नाही. तेथील पानावरचे चौकोन २०२५ च्या जानेवारीत उभे आयत झाले आणि ज्यांनी अक्षरे कडेला ठेवली होती त्यांची छाटली गेली. वस्तू आणि शब्द मध्यभागी ठेवणाऱ्यांचे काही बिघडले नाही. उभ्या लहान व्हिडिओंसाठी बहुधा व्हिडिओतलेच एखादे दृश्य निवडावे लागते. म्हणून चित्रण करतानाच वस्तू हातात स्थिर धरून दोन सेकंद थांबावे. पुढचे काम वाचते.

खोटा छाप

आता त्या गोष्टीविषयी, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. दर्शनी चित्रावर 'फक्त १०० रुपयांत' असे लिहायचे आणि आत तो भाव पन्नास नग घेणाऱ्यालाच, हे सांगायचे. चित्रात हातमागाचे कापड, आत यंत्रमागाचे. चित्रात दुसऱ्याच कारागिराच्या कामाचा फोटो, इंटरनेटवरून उचललेला. यांतले काहीही नवे नाही. पेठेत हे प्रकार होतेच. फरक एवढा की पेठेत फसलेला माणूस चार जणांना सांगे, येथे तो व्हिडिओखाली लिहून ठेवतो आणि ते लिखाण वर्षानुवर्षे राहते.

कायदाही आता झोपलेला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जून २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक नियमांत आमिषाच्या जाहिरातीचा, म्हणजे कमी भाव दाखवून गिऱ्हाईक ओढण्याचा, स्वतंत्र उल्लेख आहे. पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे. ते नाव वाटेल त्या साडीच्या चित्रावर लिहिणे अंगाशी येऊ शकते. आणि डिसेंबर २०२४ मध्ये यूट्यूबने भारतासाठी जाहीर केले की, ज्यांचे शीर्षक वा दर्शनी चित्र आत नसलेल्या गोष्टीचे आश्वासन देते असे व्हिडिओ, विशेषतः बातम्यांचे, काढले जातील. रोख बातम्यांवर असला तरी वाऱ्याची दिशा कळायला तेवढे पुरेसे आहे.

अलीकडे एक नवी अडचण उभी राहिली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला दोन ओळी लिहून दिल्या की ती पैठणीचा, शालीचा, चपलेचा देखणा फोटो काढून देते. पैसे लागत नाहीत, उजेडाची खटपट नाही. पण त्या पदरावरचा मोर कोणत्याही मागावर उतरलेला नसतो. गिऱ्हाईक दुकानात येऊन मोबाइल पुढे धरतो आणि 'हीच द्या' म्हणतो. विणकर त्याला काय देणार? शिवाय ही यंत्रे चित्रातली देवनागरी अनेकदा चुकीची लिहितात. पार्श्वभूमी साफ करणे, रंग थोडा उजळणे, नको असलेली वायर पुसणे यासाठी या साधनांचा उपयोग जरूर करावा. वस्तू मात्र आपल्याच हातची असावी, आणि जी व्हिडिओत दिसते तीच.

भाव चित्रावर लिहावाच का, असे आम्हाला विचारले जाते. आम्ही म्हणू, टिकाऊ व्हिडिओवर लिहू नये. भाव सहा महिन्यांत बदलतो, चित्र तसेच राहते, आणि जुना भाव वाचून आलेला माणूस खोटेपणाचाच आरोप करतो. ईदच्या वा लग्नसराईच्या हंगामी मालावर लिहायचा तर सोबत महिना आणि साल लिहावे, आणि हंगाम संपताच चित्र बदलावे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ही कामे बहुधा घरातला पुतण्या किंवा शेजारचा मुलगा करतो. साचा, रंगांचे आकडे, खुणेचे मूळ चित्र आणि वाहिनीचा पासवर्ड त्याच्याच मोबाइलमध्ये असतो. तो नोकरीसाठी आखातात गेला की दुकानाचा छाप त्याच्यासोबत विमानात बसतो, आणि नवा मुलगा नव्याने पिवळी अक्षरे सुरू करतो. खाते दुकानाच्या ईमेलवर उघडावे. साचा आणि मूळ फोटो एका पेनड्राइव्हमध्ये घालून तो हिशेबाच्या वह्यांबरोबर ठेवावा, आणि रंगांचे आकडे व वळणाचे नाव वहीच्या पहिल्या पानावर शाईने लिहून ठेवावे.